कावळा उडाला, घर हरवलें

पतंजलीच्या महाभाष्यांत एक लहानसा दृष्टान्त आहे. देवदत्ताचें घर कोणतें, असें एकानें विचारिलें. दुसऱ्यानें बोट दाखवून सांगितलें कीं, तो कावळा बसला आहे ना, तें. विचारणाऱ्याचें समाधान झालें. परंतु थोड्या वेळानें कावळा उडून गेला आणि त्याबरोबर देवदत्ताचें घरही हरवलें. घर होतें तेथेंच होतें. गेली ती त्याची खूण. हा दृष्टान्त मीं शाळेंत कित्येक वर्गांस सांगितला असेल. मुलें हंसत, मीही हंसत असें. त्याचें मर्म मात्र मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आमच्याच माजघरांत कळलें, आणि त्यासाठीं जी किंमत पडली ती आठवली म्हणजे अद्यापि मन खिन्न होतें. तीच हकीकत आज सांगावयाची आहे. कारण वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा कावळा आज या क्षणींही बसलेला असेल.

आमचें वाईचें घर एकत्र कुटुंबाचें. थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयतां, दोन पुतणे, सुना व नातवंडें, असा ११ माणसांचा परिवार. घरांतील जुनीं छायाचित्रें, वडिलांच्या टिपणवह्यांच्या पानांचीं चित्रें, वंशावळ, हें सर्व थोरल्या पुतण्यानें गेल्या कांहीं वर्षांत एका हार्ड डिस्कवर जमविलें होतें. ती काळी, तळहाताएवढी. केबलनें लॅपटॉपला जोडावयाची आणि काम झालें म्हणजे काढून कपाटांत ठेवावयाची. हुबेहूब तशीच दुसरी डिस्क आणून तिच्यावर सर्व संग्रहाची प्रत केली होती व ती साताऱ्यास धाकट्या बंधूंकडे ठेविली होती. हेतु हा कीं, एका घरावर कांहीं प्रसंग आला तरी दुसऱ्या घरीं सर्व सुरक्षित राहावें. वर्षांतून दोनदां, पाडव्यास व दिवाळींत, ती डिस्क वाईस येई. दोन्ही डिस्क एकाच वेळीं लॅपटॉपला लावून पुतण्या स्वतः लिहून ठेविलेली एक आज्ञा चालवी. ती अशी: 'ई' वर जें आहे तें जसेंच्या तसें 'एफ' वर उमटीव, 'ई' वर जें नाहीं तें 'एफ' वर आढळल्यास पुसून टाक. विंडोजमधील 'रोबोकॉपी' नांवाच्या साधनास अशी आरशांतल्या प्रतिबिंबासारखी प्रत करतां येते.

त्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत कॉलेजांत शिकणाऱ्या आमच्या नातीनें एक फार चांगलें काम केलें. वहिनींना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. कांहीं त्यांच्या आईच्या तोंडच्या, कांहीं आजीच्या. दुपारीं निजानीज झाली म्हणजे नात मोबाइल पुढें ठेवी आणि वहिनी म्हणत. अशीं ३२ ध्वनिमुद्रणें झालीं. मोबाइल भरला म्हणून तिनें तीं घरच्या डिस्कवर ठेविलीं आणि मोबाइलमधून काढून टाकिलीं. श्रावणांत धाकट्या पुतण्यास कन्या झाली. तिचें नांव मीं स्वतः वंशावळींत घातलें. कार्तिकांत वहिनी गेल्या. त्यांच्या आजारपणामुळें दिवाळींतील प्रत करावयाची राहून गेली होती.

मार्गशीर्षांत धाकटे बंधू साताऱ्याहून येतांना डिस्क घेऊन आले. पुतण्या कामानिमित्त पुण्यास होता. जुना लॅपटॉप मध्यंतरीं बिघडल्यामुळें नवा आला होता आणि पुतण्यानें आपली आज्ञा त्यांत आणून ठेविली होती. एवढ्याशा कामासाठीं त्याची वाट कशाला पाहावी, असें म्हणून मीं साताऱ्याची डिस्क प्रथम लाविली, घरची मागाहून लाविली, आणि आज्ञा चालविली. काम लवकरच आटोपलें. आपणांसही हें जमतें, याचा मला थोडा अभिमानच वाटला. धाकटे बंधू डिस्क घेऊन त्याच दिवशीं परत गेले.

चार दिवसांनीं वंशावळ छापून घ्यावी म्हणून उघडली, तों नव्या मुलीचें नांव तींत नाहीं. प्रथम वाटलें, आपणच घालावयाचें विसरलों. मग संशय येऊन ओव्यांचा फोल्डर पाहूं गेलों. तो फोल्डरच नव्हता. साताऱ्याची, म्हणजे चैत्रांतली जुनी डिस्क पहिली आली म्हणून 'ई' झाली होती, घरची डिस्क 'एफ' झाली होती, आणि यंत्रानें माझ्या सांगण्यावरून जुन्याचें प्रतिबिंब नव्यावर उमटविलें होतें. नवें तें सर्व जादा ठरून पुसलें गेलें. आणि असें पुसलेलें रिसायकल बिनमध्यें जात नाहीं. शिवाय मधल्या चार दिवसांत घरांतल्या एका लग्नाचीं चलच्चित्रें आम्हीं त्याच डिस्कवर भरलीं होतीं, त्यांनीं रिकामी झालेली जागा कांहीं अंशीं व्यापिली. पुतण्या पुण्याहून आला. पुसलेलें परत मिळविण्याची जीं साधनें असतात तीं घेऊन तो दोन रात्री बसला. ३२ पैकीं १९ ध्वनिमुद्रणें हातीं लागलीं. १३ गेलीं तीं गेलींच. थोरल्या बंधूंनीं मला एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. राहिलेल्या ओव्या ते रोज संध्याकाळीं ऐकतात. मी त्या वेळीं घाटावर फिरावयास जातों.

आतां चूक कोठें झाली तें पाहूं. यंत्रानें सांगितलें तेंच केलें. 'ई' आणि 'एफ' हीं त्या डिस्कांचीं नांवें आहेत अशी माझी समजूत होती. वास्तविक तो केवळ आगमनाचा क्रम होता. विंडोजमध्यें 'ए' व 'बी' हीं अक्षरें पूर्वीं फ्लॉपीसाठीं राखलेलीं, 'सी' संगणकाच्या आंतल्या डिस्कला, आणि पुढें बाहेरून जो नवा पाहुणा येईल त्यास पहिलें मोकळें असेल तें. आमच्या लॅपटॉपांत 'डी' सुद्धां आंतलेंच असल्यामुळें पहिला पाहुणा 'ई' व दुसरा 'एफ' ठरला. एकदां येऊन गेलेल्या डिस्कची ओळख संगणक आपल्या दप्तरीं टिपून ठेवितो, आणि तें अक्षर मोकळें असल्यास पुन्हां तिलाच देतो. म्हणूनच वर्षानुवर्षें सर्व सुरळीत चालतें व माणूस त्या अक्षरावर विसंबून राहतो. परंतु हें टिपण त्या एका संगणकाच्या दप्तरांत असतें. डिस्कच्या अंगावर नसतें. मध्यें दुसऱ्याच कोणाचा पेनड्राइव्ह येऊन त्या अक्षरावर बसला, किंवा आमच्याप्रमाणें संगणकच नवा आला, कीं कावळा उडाला.

शाळेंत काम केलेल्यांस हा भेद निराळा समजावून द्यावयास नको. हजेरीपटावरचा क्रमांक दर वर्षीं बदलतो; कोणी नवीन आला, कोणी नापास झाला, तुकड्या फिरल्या, कीं सातवा होता तो बारावा होतो. जनरल रजिस्टरांतला क्रमांक मात्र प्रवेशाच्या दिवशीं एकदांच पडतो, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत तो त्या मुलाचाच राहतो. गेल्या वर्षींच्या हजेरीपटावरील क्रमांक पाहून यंदा दाखला लिहिणाऱ्या कारकुनास आम्ही काय म्हटलें असतें? मीं घरीं नेमकें तेंच केलें.

ही अस्थिरता कोणाच्या हलगर्जीपणामुळें आलेली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पूर्वीं संगणकाला प्रत्येक उपकरणाचें भोंक निराळें असे. छापण्याच्या यंत्राचें एक, कळफलकाचें दुसरें. १९९६ सालच्या जानेवारींत युएसबीची पहिली नियमावली प्रसिद्ध झाली. हिच्या कर्त्यांमध्यें इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे प्रमुख. हे बडोद्याचे, तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. या योजनेचें वैशिष्ट्य असें कीं, कोणतेंही उपकरण कोणत्याही भोंकांत, कोणत्याही क्रमानें, यंत्र चालू असतांनाच लावावें व काढावें. २००० सालीं पेनड्राइव्ह बाजारांत आले आणि ही सोय घरोघर पोंचली. पण ज्या घरांत कोणीही केव्हांही येऊन कोणत्याही पाटावर बसूं शकतो, तेथें पाटावरून माणूस ओळखूं नये, हें ओघानेंच आलें.

मग ओळखावें कशावरून? आपल्याकडे बारशाच्या विधींत मुलाला देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम, अशीं चार नांवें सांगितलीं आहेत. डिस्कलाही मोजूं गेल्यास चारच नांवें असतात. पहिलें, कारखान्यांत मिळालेला अनुक्रमांक. हा उपकरणाचा जन्मजात असून डिस्क पुसली तरी पुसत नाहीं. दुसरें, डिस्क फॉरमॅट करतांना तिच्यावर आपोआप उमटणारा ओळखक्रमांक. साध्या पेनड्राइव्हवर नेहमीं आढळणाऱ्या 'फॅट' पद्धतींत तो ८ अंकाक्षरांचा असतो. लिनक्सच्या 'ईएक्सटी४' पद्धतींत ३२ अंकाक्षरांचा, पांच गटांत लिहिलेला. पुन्हां फॉरमॅट केल्यास तो बदलतो. तिसरें, आपण हौसेनें ठेविलेलें नांव, ज्यास लेबल म्हणतात; हें डिस्कच्या अंगावरच लिहिलेलें असल्यानें ती जेथें जाईल तेथें तिच्याबरोबर जातें. चौथें, संगणकानें दिलेलें अक्षर. पहिलीं तीन नांवें पाहुणा आपल्याबरोबर आणतो. चौथें यजमान देतो. आपण सर्वजण चौथ्यानें हांक मारतों, हीच गोम आहे.

उपाय अवघड नाहींत. पहिला उपाय लेबलाचा. डिस्क लावल्यावर तिच्या चित्रावर उजव्या बटणानें क्लिक करून 'रिनेम' निवडावें व नांव लिहावें. 'फॅट' व 'एक्सफॅट' पद्धतींत ११ अक्षरें मावतात, 'एनटीएफएस' मध्यें ३२. म्हणून नांव ११ अक्षरांच्या आंत, रोमन लिपींत आणि मध्यें जागा न सोडतां लिहावें, म्हणजे सर्व संगणकांवर चालतें. एका घरांत एकच नांव दोघींस देऊं नये. कारखान्याचें मूळचें लेबल तसेंच ठेवलें तर घरांतल्या सर्व डिस्क एकाच नांवाच्या निघतात, आणि एका वाड्यांत चार 'नाना' असले म्हणजे पत्राचें जें होतें तेंच मग फायलींचें होतें.

दुसरा उपाय अक्षर पक्कें करण्याचा. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून त्या डिस्कच्या विभागावर उजव्या बटणानें क्लिक करावें, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडून नवें अक्षर द्यावें. तें वर्णमालेच्या मध्यापुढचें निवडावें. कारण परके पाहुणे आरंभाकडचीं मोकळीं अक्षरें घेतात, ते सहसा तितक्या लांब येत नाहींत. हें काम प्रत्येक संगणकावर वेगळें करावें लागतें, व संगणक बदलला कीं पुन्हां करावें लागतें. आमचा घात येथेंच झाला.

तिसरा उपाय सर्वांत साधा, व तो घरांतल्या बायकामुलांस सर्वांत उपयोगी: डिस्कच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर तेंच नांव मोठ्या अक्षरांत लिहावें. पडद्यावरचें नांव आणि हातांतल्या वस्तूवरचें नांव एक असलें म्हणजे निम्म्या चुका होण्यापूर्वींच टळतात.

चौथा उपाय ज्यांच्याकडे आमच्यासारखी प्रत करण्याची आज्ञा लिहिलेली असेल त्यांच्यासाठीं. ती आज्ञा आंधळी ठेवूं नये. आधीं ओळख विचारावयास लावावी. मूळ डिस्कवर एक रिकामी फाइल विशिष्ट नांवाची ठेवावी, प्रतीच्या डिस्कवर दुसऱ्या नांवाची. दोन्ही फायली आपापल्या जागीं सांपडल्या तरच पुढें जावें, नाहीं तर स्वस्थ राहावें, असें आज्ञेच्या आरंभींच लिहावें. मात्र या दोन फायली प्रत करण्यांतून वगळाव्या. नाहीं तर आरसा त्याही पुसून टाकील.

आमची नात लिनक्स वापरते. तेथेंही रोग तोच. लिनक्सचा गाभा आलेल्या डिस्कांना क्रमानें 'एसडीए', 'एसडीबी' म्हणतो, आणि आजची 'बी' उद्यां 'सी' होते. पण औषध तेथें अधिक व्यवस्थित आहे. २००३ सालीं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं पुढें आणलेली 'युडेव्ह' नांवाची व्यवस्था डिस्क लागतांच तिची विचारपूस करते, आणि तिच्या अनुक्रमांकावरून, ओळखक्रमांकावरून, लेबलावरून व ज्या भोंकांत ती लागली त्यावरून, अशा चार निरनिराळ्या याद्यांत तिच्या नांवाच्या पाट्या लाविते. कायमच्या कामासाठीं 'एफएसटॅब' या फायलींत 'एसडीबी' न लिहितां ओळखक्रमांक किंवा लेबल लिहावें. डिस्क काढती-घालती असल्यास शेजारीं 'नोफेल' हा शब्दही घालावा. म्हणजे ती नसतांना संगणक सुरू होण्यास अडत नाहीं. याहून नेमकें हवें असल्यास स्वतःचा नियम लिहितां येतो: अमुक अनुक्रमांकाची डिस्क आली तर तिला अमुक नांवाचीही पाटी लाव.

या नियमांत 'ही' हें अव्यय महत्त्वाचें आहे. गाभ्यानें दिलेलें नांव बदलावयाचें नसतें. त्याला दुसरें जोडावयाचें असतें. नातीनें हें समजावून दिलें तेव्हां मला आपल्याकडील सुनेचें नांव बदलण्याची जुनी चाल आठवली. माहेरचें नांव एकदम पुसून टाकिल्यानें जुन्या मैत्रिणीचें पत्र उंबरठ्यावरून परत गेल्याचीं उदाहरणें मीं पाहिलीं आहेत. यंत्रवाल्यांनीं या बाबतींत आपल्यापेक्षां अधिक विचार केला, असें म्हणणें भाग आहे.

तरी यांतील एकही नांव सर्वथा निर्दोष नाहीं. स्वस्त पेनड्राइव्हना कित्येकदां अनुक्रमांकच नसतो, किंवा अनेकांना एकच असतो. एका डिस्कची बिंदुशः नक्कल दुसरीवर केली तर ओळखक्रमांकही तोच उमटतो, आणि दोघी एकदम लावल्या म्हणजे संगणक बुचकळ्यांत पडतो. लेबल कोणीही बदलूं शकतो. म्हणून न परतणारें काम करण्यापूर्वीं, म्हणजे पुसण्यापूर्वीं, फॉरमॅट करण्यापूर्वीं किंवा आरसा दाखविण्यापूर्वीं, डिस्क उघडून आंत काय आहे तें डोळ्यांनीं पाहावें. मी अर्धें मिनिट थांबून 'ई' उघडली असती, तर तींत ओव्यांचा फोल्डर नाहीं हें तत्काळ दिसलें असतें.

शेवटीं नांव कोणतें ठेवावें याविषयीं. पुतण्या म्हणाला, 'काका, एकीला वाई व दुसरीला सातारा म्हणूं.' मीं नको म्हटलें. डिस्क उद्यां पुण्यास गेली तर नांव खोटें होईल. मग 'मूळ' व 'प्रत' असें निघालें. पण मूळ डिस्क एक दिवस निकामी होणारच, आणि त्या दिवशीं प्रतच मूळ होईल. स्थळ हा कावळा, आणि अधिकार हाही कावळाच. व्याकरणांत यौगिक व रूढ असे शब्दांचे भेद सांगतात. अवयवांवरून ज्याचा अर्थ लागतो तो यौगिक, व केवळ संकेतानें ज्याचा अर्थ ठरतो तो रूढ. डिस्कला नांव द्यावें तें रूढ द्यावें. जें स्थळाविषयीं, क्रमाविषयीं वा कामाविषयीं कांहींच सांगत नाहीं, तें कधीं खोटेंही पडत नाहीं. तेव्हां आमच्या दोन डिस्क आतां 'कृष्णा' व 'वेण्णा' झाल्या आहेत. अक्षरें अनुक्रमें 'के' व 'व्ही', पाठीवर चिठ्ठ्या त्याच नांवांच्या. प्रत करण्याची आज्ञा आतां दोघींची ओळख पटल्याखेरीज हलत नाहीं.

दोन प्रतींवर विसंबून राहूं नये म्हणून तिसरी डिस्कही आणली आहे. तीवर सध्यां फक्त त्या १९ ओव्या आहेत. तिचें नांव काय ठेवावें, असें आम्हीं थोरल्या बंधूंस विचारिलें. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनीं एक नांव सांगितलें. तें वहिनींचें माहेरचें नांव होतें. आम्हां कोणासही तें इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतें. नातीनें तें लगेच लिहून घेतलें. ११ अक्षरांत नीट बसलें.

वाचकांनीं हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वीं कपाटांतल्या डिस्क बाहेर काढाव्या आणि त्यांचें बारसें करावें, एवढेंच मागणें आहे. फार तर अर्धा तास लागेल.